भाडेकरूंचे निष्कासन आणि शेरीफचे पद : सॅन फ्रान्सिस्कोतील इंटरनॅशनल हॉटेल (1968-1977)

प्रास्ताविक

भाडेकरूंच्या निष्कासनाचा इतिहास लिहिताना घरमालक, भाडेकरू आणि न्यायालय या तीन पक्षांचा विचार केला जातो. न्यायालयाचा हुकूमनामा कागदावरून प्रत्यक्ष दारापर्यंत नेणारा चौथा घटक मात्र केवळ साधन समजून वगळला जातो. आपल्याकडे दरखास्तीच्या टप्प्यावर हे काम बेलिफ करतो; अडथळा झाल्यास न्यायालयाच्या आदेशाने पोलिसांची मदत घेतली जाते. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी ते शेरीफकडे असते. मुंबईचे शेरीफपद मराठी वाचकाला मानाचे पद म्हणून परिचित आहे. सॅन फ्रान्सिस्कोचा शेरीफ मात्र मतदारांनी निवडून दिलेला, तुरुंगाचा कारभार पाहणारा आणि दिवाणी न्यायालयाचे हुकूम बजावणारा अधिकारी आहे. शहराचे पोलीस दल त्याच्या अखत्यारीत येत नाही. मतदार आणि न्यायालय अशा दोन धन्यांची ही चाकरी 1977 मध्ये कशी पेचात सापडली, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

इमारत व तिचे रहिवासी

कर्नी स्ट्रीटवरील इंटरनॅशनल हॉटेल हे नावापुरतेच हॉटेल होते. एकेका माणसाला पुरेल एवढ्या खोल्या, सामाईक न्हाणीघरे आणि वर्षानुवर्षे राहणारे भाडेकरू असे तिचे स्वरूप असल्याने ती इमारत आपल्याकडील चाळीला अधिक जवळची म्हणता येईल. रहिवाशांत वृद्ध फिलिपिनो व चिनी पुरुष बहुसंख्य होते. 1920 व 1930 च्या दशकांत शेतमजुरीसाठी आलेल्या फिलिपिनोंना कॅलिफोर्नियाच्या कायद्याने गोऱ्या स्त्रियांशी विवाह करण्यास बंदी होती. ही बंदी 1948 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली, तोवर अनेकांचे लग्नाचे वय उलटून गेले होते. आदराने 'मानोंग' म्हणजे थोरला भाऊ म्हणून संबोधल्या जाणाऱ्या या एकाकी वृद्धांना कुटुंब असे उरले होते ते शेजाऱ्यांचेच.

शहराचा वित्तीय भाग विस्तारत जाऊन या वस्तीपर्यंत पोहोचला, तेव्हा 1968 मध्ये जागा खाली करण्याच्या पहिल्या नोटिसा निघाल्या. मार्च 1969 मध्ये इमारतीला लागलेल्या आगीत तीन रहिवासी मृत्युमुखी पडले. त्यानंतर भाडेपट्टा होऊन काही काळ निभावला. 1973 मध्ये इमारत फोर सीज या गुंतवणूक कंपनीकडे गेली आणि संघर्ष न्यायालयात पोहोचला. निकाल मालकाच्या बाजूने लागला.

शेरीफचा नकार

रिचर्ड होंगिस्टो हे 1971 मध्ये शेरीफपदी निवडून आले होते. त्यापूर्वी ते पोलीस दलात होते. 1976 च्या अखेरीस ताब्याचा हुकूम हाती आला असता त्यांनी तो बजावण्याचे टाळले. न्यायालयाने त्यांना अवमानाबद्दल दोषी धरून 5 दिवसांची कैद व 500 डॉलर दंड अशी शिक्षा दिली. शहराच्या तुरुंगाचा कारभार ज्याच्याकडे, तोच कैदी झाला!

या नकाराचे मोल केवळ प्रतीकात्मक नव्हते. अंमलबजावणी लांबल्यामुळे जे महिने मिळाले, त्यांत भाडेकरूंच्या संघटनेला मनुष्यबळ उभे करता आले आणि महापौर जॉर्ज मॉस्कोनी यांच्या प्रशासनाला शहराच्या गृहनिर्माण प्राधिकरणामार्फत इमारत संपादित करण्याचा प्रयत्न करता आला. तो न्यायालयात टिकला नाही, ही गोष्ट वेगळी.

तथापि होंगिस्टो यांच्या कृतीचे सरसकट समर्थन करणे इतिहासाच्या अभ्यासकाला सोपे नाही. अवघ्या वीस वर्षांपूर्वी, 1957 मध्ये, आर्कान्सासचे गव्हर्नर ऑर्व्हल फॉबस यांनी लिटल रॉक येथील शाळेत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश देण्याच्या न्यायालयीन आदेशाविरुद्ध नॅशनल गार्ड उभे केले होते. बजावणाऱ्याने हुकूम निवडून घ्यावेत हे तत्त्व एकदा मान्य केले, की ते फॉबस यांनाही लागू होते. फरक दाखवायचाच तर तो इतकाच, की होंगिस्टो यांनी न्यायालयाविरुद्ध शस्त्र उभे केले नाही आणि शिक्षा भोगली. हा फरक लहान नाही. पण त्याने भाडेकरूंचे छप्पर वाचण्यासारखे नव्हते.

4 ऑगस्ट 1977

तुरुंगातून सुटलेला शेरीफ पुन्हा त्याच हुकुमासमोर उभा होता. 4 ऑगस्टच्या पहाटे, अंधार असतानाच, तीनशेहून अधिक पोलीस व शेरीफचे शिपाई कर्नी स्ट्रीटवर आले. हजारो नागरिकांनी हातात हात गुंफून इमारतीभोवती साखळी केली होती. कामाची विभागणी येथे लक्षात घेण्याजोगी आहे. रस्ता मोकळा करणे हे पोलिसांचे काम. घोडेस्वार व दंडुकेधारी तुकड्यांनी ते केले. दारे उघडून प्रत्यक्ष ताबा घेणे हे शेरीफच्या माणसांचे. भाडेकरूंशी पोलीस दलाचा कोणताही वाद नव्हता, आणि जमावाशी शेरीफचा नव्हता. दोघांनीही आपापला भाग पार पाडला. पन्नासच्या आसपास वृद्ध रहिवासी एकेक करून बाहेर नेण्यात आले.

त्या पहाटे खुद्द होंगिस्टो यांनी घण हातात घेऊन दार फोडले. त्याचे छायाचित्र प्रसिद्ध झाले आणि सहा-सात महिन्यांपूर्वीचा नकार लोकांच्या स्मरणातून पुसला गेला. हाताखालच्या माणसांवर सोपवता आले असते ते काम त्यांनी स्वतः का केले, याचे उत्तर छायाचित्रात सापडत नाही. राजीनामा देणे हा तिसरा मार्ग होता. पण राजीनाम्याने हुकूम थांबला नसता, घण दुसऱ्याच्या हाती गेला असता एवढेच. त्याच वर्षाच्या अखेरीस ते क्लीव्हलंडचे पोलीसप्रमुख होऊन शहर सोडून गेले.

1979 मध्ये इमारत पाडण्यात आली. मालकाने ज्या बांधकामासाठी ताबा मागितला होता ते झाले नाही. जागा दीर्घकाळ रिकामी पडून राहिली. 2005 मध्ये तेथे अल्प उत्पन्नाच्या वृद्धांसाठी 104 घरांची नवी इमारत उघडण्यात आली, तोपर्यंत त्या पहाटे बाहेर काढलेल्यांपैकी फारच थोडे हयात होते.