प्रोत्साहन ही मेहरबानी नव्हे!

"मुलींना गणित-विज्ञान झेपत नाही," असे आजही घराघरांत आणि वर्गावर्गांत सहज बोलले जाते. आम्ही विचारतो, झेपत नाही की झेपू दिले जात नाही? इतिहासच तपासू.

1933 साल. कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. परीक्षेत पहिल्या आल्या. त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला. संचालक होते नोबेल विजेते सी. व्ही. रामन. त्यांनी अर्ज नाकारला. कारण एकच, अर्जदार स्त्री होती! कमलाबाईंनी समोर जाऊन जाब विचारला, त्या हटल्या नाहीत. अखेर प्रवेश मिळाला तो अटींवर. पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी मानणार नाही आणि पुरुष संशोधकांचे लक्ष विचलित होता कामा नये. पुरुषांचे लक्ष सांभाळण्याची जबाबदारीही बाईवरच!

त्याच संस्थेत श्रीनिवासय्या हे मार्गदर्शक भेटले. शिस्तीचे कडक, पण मनापासून शिकवणारे. वर्षभराचे काम पाहून रामन यांनाही मत बदलावे लागले आणि पुढे मुलींना तिथे प्रवेश मिळू लागला. केंब्रिजमध्ये दुसरे नोबेल विजेते, फ्रेडरिक हॉपकिन्स, यांच्या प्रयोगशाळेत कमलाबाईंना संधी मिळाली. 1939 मध्ये त्या पीएच.डी. झाल्या. बाई तीच, बुद्धी तीच. फरक होता तो खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या नजरेत.

आता पुढचा प्रश्न. कमलाबाईंचे वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ, त्याच बंगळूरच्या संस्थेत शिकलेले. जातीचे आणि शिक्षणाचे एवढे पाठबळ असलेल्या मुलीला दारात अडवले जाते, तर वस्तीतल्या पहिल्या पिढीच्या विद्यार्थिनीचे काय? तिच्या घरी संचालकाशी भांडण्याची भाषा कुणाला येते? तिच्यासाठी गणिताचे शिक्षक हाच विज्ञानाचा पहिला दरवाजा. "तुला जमणार नाही" हे त्यांचे एक वाक्य तो कायमचा बंद करू शकते.

बाबासाहेबांनी हे नेमके ओळखले होते. 20 जुलै 1942 रोजी नागपूरच्या महिला परिषदेत त्यांनी आयाबहिणींना सांगितले की मुलांना शिकवा, त्यांच्यात महत्त्वाकांक्षा जागवा, मनातला न्यूनगंड काढून टाका. म्हणजे नुसते शाळेत नाव घालून भागत नाही.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. प्रोत्साहन ही शिक्षकाची मेहरबानी नव्हे, तो मुलीचा हक्क आहे. आणि तो नाकारणारा नोबेल विजेता असला, तरी त्याला जाब विचारलाच पाहिजे.

जय भीम!