ठिगळ कोणी लावायचे?

माझ्या टेबलाखाली एक काळी पेटी आहे. दोन जाडजूड ग्रंथ शेजारी ठेवले तर जेवढी जागा घेतील, तेवढीच. आत दोन डिस्क आणि एक लहानसा संगणक. म्हणजेच घरगुती साठवण सर्व्हर. गेल्या अकरा वर्षांत लोकांच्या माळ्यांवरच्या दप्तरांतून टिपलेल्या मोडी कागदांची छायाचित्रे तिच्यात आहेत. त्यांतले काही मूळ कागद आता उरलेले नाहीत. काही वाळवीने खाल्ले, काही जुनी घरे पाडताना मातीबरोबर गेले. दोन वर्षांपूर्वी या पेटीच्या कंपनीने कळवले की यापुढे या मॉडेलसाठी दुरुस्त्या मिळणार नाहीत. पुढे तिच्यात एक भोक सापडले. ते बुजवणारा पॅच कंपनीने नव्हे, तर एका त्रयस्थ माणसाने तयार केला. तो लावावा की नाही, या घरगुती प्रश्नाने मला पॅचच्या इतिहासात नेऊन सोडले.

पॅच म्हणजे ठिगळ, आणि हा शब्द केवळ रूपक म्हणून आलेला नाही. 1944 साली हार्वर्ड विद्यापीठात चालू झालेल्या ‘मार्क वन’ या यंत्राला कागदी पट्टीवर भोके पाडून आज्ञा दिल्या जात. चुकीचे भोक पडले तर त्यावर कागदाचा तुकडा चिकटवत. अशी ठिगळे लावलेली पट्टी आजही जतन केलेली आहे. ज्याने पट्टी चालवायची, त्यानेच ठिगळ लावायचे. अधिकृत आणि अनधिकृत हा भेद तेव्हा जन्मालाच आला नव्हता.

1985 मध्ये लॅरी वॉल या अमेरिकन प्रोग्रामरने ‘पॅच’ याच नावाचा एक छोटा प्रोग्राम लोकांना खुला केला. तोवर दुरुस्ती पाठवायची म्हणजे बहुधा अख्खी फाइल पाठवायची. वॉलच्या पद्धतीत फक्त फरक पाठवला की पुरे: कोणत्या ओळी काढायच्या, कोणत्या घालायच्या, आणि त्यांच्या मागेपुढे न बदललेल्या कोणत्या ओळी आहेत. त्या आजूबाजूच्या ओळींवरून प्रोग्राम योग्य जागा शोधून काढतो. ओळींचे क्रमांक थोडे सरकले असले तरी चालते. पण जागा जुळलीच नाही, तर तो तुकडा जबरदस्तीने न चिकटवता वेगळ्या फाइलीत नाकारून ठेवतो. गोधडी शिवणारी बाई तुकडा आधी बेतून पाहते, तसेच हे. पण याहून मोठी गोष्ट अशी की हे ठिगळ वाचता येत होते. ते कोणी पाठवले यापेक्षा त्यात काय लिहिले आहे, हे पाहून ते स्वीकारता येत होते.

मूळ कोड बंद ठेवून सॉफ्टवेअर विकण्याची रीत रुळली, तसे वाचण्याचे हे साधन ग्राहकाच्या हातातून गेले. ठिगळावर कंपनीची मोहर आहे का, एवढेच पाहायचे उरले. ही मोहर अपुरी पडल्याचा गाजलेला प्रसंग 2005 च्या अखेरचा. विंडोजमध्ये डब्ल्यूएमएफ या चित्रप्रकाराशी निगडित भोक उघडे पडले आणि त्याचा गैरवापरही सुरू झाला. मायक्रोसॉफ्टची दुरुस्ती 10 जानेवारीला यायची होती. इल्फाक गिल्फानोव्ह या प्रोग्रामरने 31 डिसेंबरलाच स्वतःचा पॅच दिला. विंडोजची मूळ फाइल न बदलता, धोक्याची ठरलेली आज्ञा तो वाटेतच अडवत असे. सान्स या संस्थेच्या सुरक्षा केंद्राने तो तपासून वापरण्याचा सल्ला दिला. पुढे तो काढून टाकण्याची सोयही त्यात होती. मायक्रोसॉफ्टची दुरुस्ती अखेर 5 जानेवारी 2006 ला आली. मधल्या दिवसांत लोकांनी विश्वास ठेवला तो तिऱ्हाइताने केलेल्या आणि दुसऱ्या तिऱ्हाइताने तपासलेल्या कामावर.

घरगुती साठवणीच्या पेट्यांकडे ही परंपरा थोडी आधीच आली होती. 2004 मध्ये लिंक्सिसने ‘एनएसएलयू2’ ही चिमुकली पेटी विक्रीला आणली. 32 एमबी मेमरी आणि डिस्क जोडायला दोन यूएसबी खाचा, एवढाच तिचा संसार. आत लिनक्स असल्याने परवान्याच्या अटीनुसार त्याचा कोड खुला करावा लागला. हौशी मंडळींनी त्यातून ‘अनस्लंग’ नावाचे पर्यायी फर्मवेअर उभे केले. सुरुवातीच्या पेट्यांचा प्रोसेसर निम्म्या वेगावर बांधलेला आहे हे लक्षात आल्यावर, एक बारीक रेझिस्टर काढून तो 133 वरून 266 मेगाहर्ट्झवर नेण्याची युक्तीही पसरली. कंपनीने पेटी विकून हात झटकले, तरी ती वापरणारे तिला सांभाळत राहिले.

सांभाळणारा कोणी नसेल तर काय होते, ते जून 2021 मध्ये दिसले. वेस्टर्न डिजिटलच्या ‘माय बुक लाइव्ह’ या साठवण पेट्यांना 2015 नंतर दुरुस्त्या मिळालेल्या नव्हत्या. एके दिवशी अनेकांच्या पेट्या परस्पर कोऱ्या झाल्या; वर्षानुवर्षांचे फोटो गेले. तपासात जुन्या भोकाबरोबर आणखी एक भोक निघाले. पेटी मूळ स्थितीला नेण्याआधी पासवर्ड विचारणाऱ्या ओळी कोडमध्ये होत्या, पण निष्क्रिय करून ठेवलेल्या. हा बदल 2011 मधला, कंपनीच्याच घरचा. कंपनीने नंतर डेटा परत मिळवून देण्याची सेवा देऊ केली, हेही नोंदवले पाहिजे. पण ज्या मोहरेवर भिस्त ठेवायची, तिच्याच हातून हे भोक पडले होते.

त्याच वर्षी याच कंपनीच्या ‘ओएस 3’ या जुन्या प्रणालीतील दोष शोधणाऱ्या दोन संशोधकांनी स्वतःचा पॅच प्रसिद्ध केला. कंपनीने नव्या प्रणालीकडे वळा असे सांगितले होते. जुनीवरच थांबलेल्यांसाठी हे ठिगळ होते. त्याला एक मर्यादा होती: पेटी बंद करून चालू केली की ते निघून जाई, पुन्हा लावावे लागे. शिवलेले नव्हे, टाचणीने अडकवलेले ठिगळ.

आभाळच फाटल्यावर ठिगळ कुठे कुठे लावणार, असे आपण म्हणतो. पण या इतिहासात आभाळ फाटलेले दिसत नाही. दिसते ती जबाबदारी कोणाची, याची टोलवाटोलवी. वस्तूचे आयुष्य विकणाऱ्याच्या मुदतीपेक्षा मोठे असते, आणि तिच्यात ठेवलेल्या गोष्टींचे त्याहून मोठे. मधल्या काळात कोणीतरी सुई हातात घ्यावीच लागते. तिऱ्हाइताचे ठिगळ म्हणून ते आपोआप निर्मळ ठरत नाही. भोक बुजवायच्या निमित्ताने नवे भोक पाडणाराही येऊ शकतो. म्हणून कसोटी मार्क वनच्या पट्टीपासून बदललेली नाही. ठिगळ दिसते का, दुसऱ्या कोणी तपासले आहे का, आणि उसवता येते का?

मी आधी सगळी छायाचित्रे दोन वेगळ्या डिस्कवर उतरवली आणि एक डिस्क मित्राच्या घरी ठेवली. पेटीचा बाहेरच्या इंटरनेटशी संबंध तोडला. मग पॅच उघडून वाचला. बदललेल्या ओळी मोजक्याच होत्या. त्यांतल्या दोनांचा अर्थ लागेना, म्हणून या व्यवसायातल्या परिचितांकडून समजून घेतला. त्यानंतरच तो लावला. दप्तरांच्या नोंदवहीत शेवटच्या पानावर तारीख, काय बदलले आणि ते कसे काढायचे, हे लिहून ठेवले आहे. जुन्या कागदांवर नंतरच्या हाताने केलेली दुरुस्ती आम्ही भिंग लावून ओळखत बसतो. माझ्यामागून ही पेटी उघडणाऱ्यावर तशी वेळ येऊ नये.