तांबड्या लाकडाचा ताळेबंद

आमची शाळा लवकर सुटली. उमेदवारी कापडाच्या रंगखात्यात झाली, पुढले आयुष्य कामगार चळवळीत गेले आणि शिक्षण काय झाले ते वाचनालयाच्या बाकावर. त्या वाचनात भेटलेल्या एका झाडाची हकिकत आज आपणांसमोर ठेवावयाची आहे.

आपल्याकडे पतंग नावाच्या झाडाच्या तांबड्या लाकडाने पूर्वी कापड रंगवीत. हेच आशियातील लाकूड मध्ययुगीन युरोपात ‘ब्राझील’ या नावाने विकले जाई. पुढे १५०० सालच्या एप्रिलात काब्राल हा पोर्तुगीज दर्यावर्दी हिंदुस्थानच्या वाटेवर असता दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यास लागला. तेथील अरण्यात पतंगाच्याच कुळातले, तसाच रंग देणारे झाड मिळाले. लाकडाचे नाव त्या झाडाला पडले आणि झाडाचे नाव देशाला!

या व्यापारात कष्ट कोणाचे? किनाऱ्यावरचे तुपी लोक झाडे तोडीत, ओंडके खांद्यावरून समुद्रापर्यंत आणीत आणि मोबदल्यात कुऱ्हाडी, सुऱ्या, कापड घेत. मिळालेल्या लोखंडी कुऱ्हाडीने पुढची तोड आणखी झपाट्याने होई. तिकडे ॲम्स्टरडॅमला १५९६ साली एक तुरुंग निघाला. तेथे कैदी हेच कठीण लाकूड कानशीत आणि त्याची भुकटी रंगाऱ्यांकडे जाई. एका टोकाला आदिवासी, दुसऱ्या टोकाला कैदी आणि मधला नफा सावकाराचा व राजाचा.

१६०५ साली राजाने परवान्यावाचून तोड करण्यास बंदी केली. पण ज्या कायद्याची नजर महसुलावर असते, तो झाड कुठवर राखणार? मागाहून उसाचे मळे आले, कॉफी आली, शहरे वाढली. किनाऱ्यालगतच्या त्या मूळ अरण्याचा आज जेमतेम आठवा हिस्सा उरला आहे. १८५६ नंतर रासायनिक रंग निघाले आणि रंगाची मागणी ओसरली. तरी झाडाची सुटका झाली नाही. पॅरिसच्या तूर्त नामक कारागिराच्या काळापासून व्हायोलिनच्या उत्तम गजाला हेच लाकूड लागते. लवचीक असून ते दिलेला बाक सोडीत नाही. १९७८ साली ब्राझीलने त्याला राष्ट्रीय वृक्ष ठरविले. २००७ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत. तरीही चोरटी तोड थांबलेली नाही.

कामगाराची भाकरी राखायची की झाड, असा प्रश्न आम्हांला सभेत हमखास विचारतात. त्याचे उत्तर गज घडविणाऱ्यांनीच दिले आहे. २००० साली त्यांनी संस्था काढली आणि या झाडाच्या लागवडीला हातभार लावला. झाड संपले की हातचे कामही संपले, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही. पाच शतकांच्या हिशेबवहीत ओंडक्याची किंमत लिहिली गेली. वाहणाऱ्याचा खांदा आणि झाड वाढण्यास लागणारी वर्षे यांना रकानाच नव्हता. तो रकाना आता तरी आखला पाहिजे. आणि तो आखताना, ज्यांचे हात त्या लाकडाला लागतात त्यांना बैठकीत बसविले पाहिजे.