वाफसा, कांदा आणि कष्टांची नोंद

आज आम्ही दूरच्या देशातला इतिहास सांगणार आहोत. इंग्लंडमध्ये बागेत आणि शेतात राबलेल्या बायकांचा हा इतिहास आहे. देश परका असला, तरी त्यांचं काम आपल्या ओळखीचं आहे.

आपल्याकडे मृग जवळ आला की जी लगबग सुरू होते, तशी तिकडे मार्च महिन्यात असते. हिवाळाभर जमीन कधी थंडीने थिजलेली, तर कधी नुसता चिखल. बाहेर फारसं काही करता येत नाही. मार्चमध्ये दिवस मोठा होऊ लागतो आणि माणसं पुन्हा बागेत उतरतात. पण ऊन पडलं म्हणून लगेच कुदळ मारायची नसते. माती बुटाला चिकटत असेल तर थांबायचं, कारण ओल्या जमिनीवर चाललं की ती दबते आणि मुळांना हवा मिळत नाही. आपण ज्याला वाफसा म्हणतो, त्याचीच त्याही वाट पाहतात. तोवर बटाट्याचं बेणं घरात उजेडाला मांडून कोंब आणायचे. वाफसा आला की कांदा, वाटाणा, गाजर अशी पेरणी सुरू होते.

हे काम बायका घरच्या बागेत पूर्वीपासून करत होत्या. पण पगारी माळी म्हणून बाईला कोणी ठेवत नसे. लंडनजवळच्या स्वॉनली इथल्या बागकाम कॉलेजात 1891 पासून मुलींना प्रवेश मिळू लागला. तिथे शिकलेल्या मुली 1896 साली क्यू इथल्या प्रसिद्ध सरकारी बागेत कामाला लागल्या. पुरुषांचं लक्ष विचलित होऊ नये म्हणून त्यांना पुरुषांसारखेच कपडे घालायला लावले होते. झालं उलटंच. विजार घातलेल्या बायका पाहायला लोक गर्दी करू लागले!

1898 साली ऑलिव्ह हॅरिसन नावाची मुलगी रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या परीक्षेत पहिली आली. पहिल्या येणाऱ्याला शिष्यवृत्ती आणि संस्थेच्या बागेत शिकायची जागा मिळायची. तिला ती मिळाली नाही, कारण ती मुलगी होती.

आता येऊ 1940 सालच्या वसंताकडे. आधीच्या सप्टेंबरात दुसरं महायुद्ध सुरू झालं होतं. इंग्लंड आपल्या अन्नातला अर्ध्याहून जास्त भाग बाहेरून जहाजांनी आणत असे आणि ती जहाजं शत्रू बुडवू लागला. 8 जानेवारी 1940 पासून लोणी, साखर आणि डुकराचं खारवलेलं मांस रेशनवर गेलं. त्यात तो जानेवारी 1895 नंतरचा सर्वांत थंड जानेवारी ठरला. टेम्स नदीसुद्धा काही भागांत गोठली. त्यामुळे थंडी सरली तेव्हा बागेत उतरणं ही हौस राहिली नव्हती, पोटाचा प्रश्न झाला होता.

सरकारने हाक दिली होती, विजयासाठी खणा. फुलांचे ताटवे आणि हिरवळी उकरून भाजी लावली गेली. लंडनच्या जुन्या किल्ल्याच्या खंदकातही भाजीचे वाफे झाले. ज्यांच्याकडे जमीन नव्हती त्यांना गावाकडून किंवा नगरपालिकेकडून भाड्याने तुकडा मिळे. नेहमीचा तुकडा होता 90 फूट लांब आणि 30 फूट रुंद, म्हणजे आपल्या हिशेबाने जवळजवळ अडीच गुंठे. 1943 पर्यंत असे सुमारे 14 लाख तुकडे लागवडीखाली आले. पुरुष सैन्यात गेलेले, म्हणून पुष्कळ ठिकाणी कुदळ बायकांच्याच हातात होती.

नव्याने बागेत उतरलेल्यांना शिकवलं कोणी? रेडिओने! सी. एच. मिडलटन नावाचे गृहस्थ रविवारी दुपारी बीबीसीवर बागकामावर बोलत. साध्या भाषेत, शेजाऱ्याशी कुंपणावरून बोलावं तसं. सुमारे 35 लाख लोक त्यांना ऐकत. आपल्या या छोट्या रेडिओवरून बोलताना आम्हाला ही गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटली.

आणि कांद्याची तर गंमतच. इंग्लंडमध्ये कांदा मुख्यतः फ्रान्सच्या किनाऱ्याकडून आणि समुद्रातल्या चॅनेल बेटांवरून येई. 1940 च्या उन्हाळ्यात हे दोन्ही जर्मनीच्या ताब्यात गेले. मग कांदा इतका दुर्मीळ झाला की कचेऱ्यांमध्ये सोडत काढून कांदा बक्षीस देत! पुढच्या वसंतात घरोघरी कांदा लावायची धडपड सुरू झाली.

खेड्यातल्या बायकांचे तिथे आपल्यासारखे गट होते. त्यांचं नाव विमेन्स इन्स्टिट्यूट. ब्रिटनमधला पहिला गट वेल्समधल्या एका गावात 1915 साली सुरू झाला. युद्धाच्या काळात या गटांनी सरकारकडून साखर मिळवली आणि गावातली वाया जाणारी फळं गोळा करून मुरंबे केले, डबे भरले. 1940 ते 1945 या काळात त्यांनी 5,300 टनांहून जास्त फळं टिकवली.

याच संघटनेच्या प्रमुख लेडी डेन्मन यांच्याकडे आणखी एक काम होतं. विमेन्स लँड आर्मी, म्हणजे शेतावर पगारी काम करणाऱ्या बायकांचं दल. जास्तीत जास्त असताना त्यात 80,000 हून अधिक जणी होत्या. तिसऱ्या हिश्श्याहून जास्त मुली लंडनमधून आणि मोठ्या कारखान्यांच्या शहरांतून आल्या होत्या. त्यांनी नांगरलं, गाई पिळल्या, बटाटे काढले. सुरुवातीला त्यांची मजुरी आठवड्याला 28 शिलिंग होती. पुरुष शेतमजुराला साधारण 10 शिलिंग जास्त मिळत.

युद्ध संपत आलं तेव्हा सैनिकांना आणि इतर सेवांमधल्या लोकांना सरकारने लाभ जाहीर केले. लँड आर्मीला त्यातून वगळलं. लेडी डेन्मन यांनी निषेध म्हणून फेब्रुवारी 1945 मध्ये राजीनामा दिला. 1950 मध्ये दल बरखास्त झालं. ब्रिटिश सरकारने हयात असलेल्या या बायकांना सन्मानाचा बिल्ला दिला तो 2008 साली. तोवर त्या ऐंशीच्या पुढे गेलेल्या आजीबाई होत्या आणि बऱ्याच जणी ते पाहायला उरल्या नव्हत्या.

मैत्रिणींनो, या बायकांच्या कष्टाचं देशाने खाल्लं, हे तेव्हाही सगळ्यांना माहीत होतं. तरी हिशेबाच्या वेळी त्यांचं काम मदत ठरलं. पहिली आलेली मुलगी असो की नांगर धरणारी, दोघींचा हक्क एकाच कारणाने मागे पडला. आपल्याकडेही हे नवं नाही. खुरपणी, लावणी, बियाणं राखणं आपलं, आणि सातबाऱ्यावर नाव बहुतेक घरांत पुरुषाचं. 1986 च्या चांदवडच्या महिला अधिवेशनानंतर शेतकरी संघटनेने लक्ष्मी मुक्तीची मोहीम चालवली, ती बायकोचं नाव जमिनीला लागावं म्हणूनच. ते काम अजून पुरं झालेलं नाही.

सातबारा एका दिवसात बदलत नाही, पण वही आपल्या हातात आहे. गटाच्या नोंदवहीत आपण बचतीचा रुपया न रुपया लिहितो. तिथेच परसबागेसाठी एक पान ठेवू या. कोणी किती दिवस काम केलं, काय लावलं, घरात किती भाजी खाल्ली, बाजारात किती विकली, किती पैसे वाचले. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या लेकीला सांगा. वर्षभराने बँकेत, कृषी कार्यालयात किंवा घरातच कोणी विचारलं की तुम्ही काय करता, तर ते पान पुढे करता येईल.

पुढच्या बैठकीला आपापलं पान घेऊन या. सगळ्या मिळून बेरीज करू.