बालहत्या प्रतिबंधक गृह आणि गुप्ततेचा प्रश्न

विवाहाबाहेर राहिलेल्या गर्भाचा प्रश्न एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात मुख्यतः विधवांच्या, आणि त्यातही कोवळ्या वयात वैधव्य आलेल्या मुलींच्या संदर्भात चर्चेला आला. ब्राह्मण आणि तत्सम जातींत मुलीचे लग्न ऋतुप्राप्तीपूर्वी, म्हणजे पहिली पाळी येण्याआधीच, उरकले जात असल्यामुळे नवरा वारला की तिच्या वाट्याला केशवपन आणि जन्मभराचे परावलंबन येई. 1856 च्या कायद्याने विधवाविवाहाला मान्यता दिली खरी, पण असा विवाह करणाऱ्यांवर ग्रामण्य, म्हणजे जातीचा बहिष्कार, ओढवत असल्याने त्या मान्यतेचा लाभ फार थोड्यांना झाला. घरातल्याच किंवा घरी येणाऱ्या-जाणाऱ्या पुरुषापासून दिवस गेले की अशा मुलीपुढे गर्भ पाडणे, जन्मलेले मूल मारणे किंवा स्वतः जीव देणे एवढेच मार्ग उरत.

त्यातच 1 जानेवारी 1862 पासून भारतीय दंडसंहिता अमलात आली. आईच्या हातून झालेली नवजात अर्भकाची हत्या हा वेगळा, सौम्य गुन्हा या संहितेने मानला नाही. तो खूनच ठरला आणि त्याला फाशी किंवा जन्मठेप ही शिक्षा होती. गर्भपात आणि प्रेताची गुपचूप विल्हेवाट लावून जन्म लपवणे हेही गुन्हे ठरले. विधवेला दिवस गेले एवढ्या कारणावरून त्या पुरुषाला जबाबदार धरणारे कलम मात्र संहितेत नव्हते.

या विषमतेचे पुण्यातील उदाहरण जोतीराव फुले यांनी 4 डिसेंबर 1884 रोजी मुंबई सरकारला पाठवलेल्या मतपत्रात नोंदवले आहे. समाजसुधारक बेहरामजी मलबारी यांनी बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांवर लिहिलेल्या टिपणांवर सरकारने मते मागवली होती. फुल्यांचे स्नेही सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्या घरी स्वयंपाक करणाऱ्या काशीबाई नावाच्या तरुण विधवेला एका शास्त्र्यापासून दिवस गेले. गर्भ पाडण्याचे उपाय फसल्यावर तिने जन्मलेला मुलगा मारून विहिरीत टाकला आणि तिला काळ्या पाण्याची, म्हणजे अंदमानातील जन्मठेपेची, शिक्षा झाली. या घटनेनंतर 1863 मध्ये जोतीराव आणि त्यांच्या पत्नी सावित्रीबाई यांनी स्वतःच्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. विधवांनी येथे येऊन गुप्तपणे बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवून जावे, अशा आशयाच्या जाहिराती ब्राह्मणवस्तीत भिंतींवर लावल्या गेल्या. मदत गुप्त आणि तिचे निमंत्रण मात्र भर रस्त्यावर, या रचनेत मोठे धाडस होते. कारण अशा बाळंतपणांची गरज शहरात आहे हेच त्या जाहिरातींनी चारचौघांत मांडले.

त्याच पत्रात फुल्यांनी दिलेले आकडे मात्र संस्थेचा गौरव करू पाहणाऱ्यांना अडचणीत टाकणारे आहेत. स्थापनेपासून तोवर 35 गरोदर विधवा तेथे येऊन बाळंत झाल्या, पण मुलांपैकी 5 जगली आणि 30 दगावली. गरोदरपण लपवण्यासाठी आयांनी आधी घेतलेली विषारी औषधे हे त्याचे कारण फुल्यांनी दिले आहे. म्हणजे या स्त्रिया गृहाच्या दारी आल्या त्या आधी इतर सर्व उपाय करून, आणि मदतीचा हात तोवर उशिराचा ठरला होता. आपल्या संस्थेचे अपयश इतक्या उघडपणे सरकारला कळवणारा संस्थापक विरळाच. जगलेल्या मुलांपैकी यशवंतला फुले दांपत्याने 1874 मध्ये दत्तक घेतले आणि तो पुढे डॉक्टर झाला. त्याच्या आईचे नावही काशीबाई असल्याने दोघींची गल्लत पुष्कळदा होते. वास्तविक पहिल्या काशीबाईला त्याआधीच काळ्या पाण्याची शिक्षा झाली होती.

1875 मध्ये पंढरपुरात न्यायखात्यातील लालशंकर उमियाशंकर त्रवाडी यांच्या पुढाकाराने असेच गृह निघाले आणि प्रार्थना समाजाने ते चालवले. या तीर्थक्षेत्री यात्रेच्या निमित्ताने अनोळखी स्त्रीला कोणाच्या नजरेत न भरता राहता येई, त्यामुळे टाकून दिलेल्या अर्भकांचा प्रश्न तेथे विशेष जाणवत असे.

पुढे वैधव्याची जाचक बंधने सैल झाली, विवाहाचे वय वाढले आणि 1971 च्या कायद्याने ठरावीक परिस्थितीत गर्भपात वैध ठरला. तरी गुप्ततेचा प्रश्न सुटला नाही. अठरा वर्षांखालील मुलीसाठी पालकाची लेखी संमती आवश्यक राहिली. 2012 च्या पॉक्सो कायद्याने, म्हणजे बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या कायद्याने, अठरा वर्षांखालील मुलीशी आलेला प्रत्येक लैंगिक संबंध गुन्हा ठरवून त्याची खबर देणे डॉक्टरांवरही बंधनकारक केले. यामागे संरक्षणाचा हेतू असला, तरी पोलिसांच्या धास्तीने मुली आणि त्यांचे पालक अप्रशिक्षित हातांकडे वळण्याचा धोका निर्माण झाला. 29 सप्टेंबर 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा धोका ओळखून, मुलीने आणि तिच्या पालकाने विनंती केल्यास गर्भपात करणाऱ्या डॉक्टरने पोलिसांना द्यावयाच्या खबरेत तिची ओळख उघड करण्याची गरज नाही, असा निर्वाळा दिला.