स्तनशस्त्रक्रियेनंतरची वेदना आणि प्रादेशिक भूल : एक ऐतिहासिक आढावा

प्रास्ताविक
१८९४ साली डॉ. विल्यम वानलेस यांचे मिशन रुग्णालय मिरजेत उभे राहिले. त्याच वर्षी अमेरिकेतील डॉ. विल्यम हॅल्स्टेड यांनी स्तनकर्करोगावरील आमूलाग्र उच्छेदनाचे अनुभव प्रसिद्ध केले. विश्रामबागेच्या दोन्ही अंगांना वैद्यकसेवेची मोठी परंपरा असल्याने या शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनाशमनाचा इतिहास येथील अभ्यासकांसही उद्बोधक ठरावा.

ऐतिहासिक विकास
जपानमधील हानाओका सेइशू यांनी १८०४ मध्ये वनस्पतिजन्य भूल देऊन स्तनातील गाठ काढली. १८८४ मध्ये कार्ल कोलर यांनी कोकेनचा बधिरीकरण-गुण दाखविला आणि लगेचच हॅल्स्टेड यांनी मज्जातंतूजवळ कोकेन टोचून संवेदना रोखली. या प्रयोगांत ते स्वतः व्यसनाधीन झाले. म्हणजेच छातीचे स्नायू व काखेतील ग्रंथींसह स्तन काढण्याची पद्धत आणि मज्जातंतू-अवरोध या दोन्हींच्या आरंभी एकच शल्यविशारद आढळतो. मात्र या दोहोंचा मेळ बसण्यास दीर्घ काळ लोटला.

स्तनाची संवेदना मुख्यतः बरगड्यांमधील मज्जातंतूंद्वारे वाहते. काखेतील तंतूस इजा झाल्यास वेदना महिनोन्‌महिने टिकू शकते. ह्यूगो सेलहाइम यांनी १९०५ मध्ये कण्यालगतचा अवरोध योजला. पुढे मागे पडलेल्या या पद्धतीस १९७९ मध्ये ईसन व वायट यांनी पुनरुज्जीवन दिले. सोनोग्राफीमुळे सुई व औषधाचा प्रसार डोळ्यांना दिसू लागला. राफाएल ब्लांको यांनी २०११ मध्ये छातीच्या स्नायूंच्या थरांतील अवरोध वर्णिला, तर २०१६ मध्ये पाठीच्या स्नायूखालील अवरोध पुढे आला.

महाराष्ट्राचे योगदान
मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या नेतृत्वाखाली २०११ ते २०२२ या काळात झालेल्या चाचणीत शस्त्रक्रियेपूर्वी गाठीभोवती लिडोकेन टोचले गेले. पाच वर्षांचे जीवितप्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्क्यांवर गेल्याचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. हा मज्जातंतू-अवरोध नव्हे, हा भेद ध्यानी ठेवावयास हवा. कारण कण्यालगतच्या अवरोधाने कर्करोगाची पुनरावृत्ती कमी होत नाही, असे २०१९ च्या आंतरराष्ट्रीय चाचणीत आढळले होते.

निष्कर्ष
तथापि या निष्कर्षाने अवरोधाचे मोल घटत नाही. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही तासांतील वेदना कमी होणे आणि मॉर्फिनची गरज घटणे, हे स्वयमेव इष्ट साध्य आहे. रोगमुक्तीसाठी वेदना सोसलीच पाहिजे, ही धारणा वैद्यकशास्त्राने केव्हाच मागे टाकली आहे. ती रुग्णशय्येपाशीही मागे पडावी, हीच या इतिहासाची शिकवण होय.