ताई महाराज खटला आणि नात्यातलं दत्तक

पुण्यात ‘ताई महाराज प्रकरण’ म्हटलं की लोकांना टिळकच आठवतात. पण मुळात तो खटला होता घराण्यातला मुलगा दत्तक घेण्याचा, आणि त्या बाजूनं तो फारसा सांगितला जात नाही. पोस्ट जरा लांब आहे, पण शेवटपर्यंत वाचा. हा प्रश्न आजही आपल्या ओळखीतल्या एखाद्या घरात असतोच.

पुण्याचे पहिल्या वर्गाचे सरदार वासुदेव हरिहर पंडित उर्फ बाबा महाराज ७ ऑगस्ट १८९७ रोजी पटकीनं वारले. अखेरच्या दिवशी त्यांनी मृत्युपत्र केलं आणि विश्वस्तांमध्ये टिळकांचं व अमरावतीच्या दादासाहेब खापर्ड्यांचं नाव घातलं. टिळक तेव्हा राजद्रोहाच्या खटल्यात नुकतेच जामिनावर सुटले होते. बाबा महाराजांच्या पत्नी ताई महाराज गरोदर होत्या. मुलगा झाला नाही, किंवा होऊन वाचला नाही, तर विश्वस्तांच्या सल्ल्यानं दत्तक घ्यावा, असं मृत्युपत्रात होतं. १८९८ च्या सुरुवातीला मुलगा झाला, पण दोनेक महिन्यांतच तो गेला.

त्या काळी दत्तकाचा असा एक लेखी कायदा नव्हता. धर्मशास्त्र, रूढी आणि कोर्टाचे निकाल, यावरच सगळं चालायचं. साधारणपणे दत्तक घ्यायचा तो मुलगाच. विधवेनं घेतला तरी तो तिच्यासाठी नाही, गेलेल्या नवऱ्याच्या नावानं. आणि नवरा गेला त्या दिवसापासूनच तो मुलगा घरात होता, असं कायदा मानायचा. म्हणजे एका दत्तविधानावर अख्ख्या इस्टेटीची मालकी फिरायची.

पंडित घराण्याची एक शाखा औरंगाबादकडे निधोन्याला होती. जून १९०१ मध्ये ताई महाराज, टिळक, खापर्डे वगैरे मंडळी तिकडे गेली. मुलं पाहिली आणि जगन्नाथ नावाचा लहान मुलगा ठरवला. २८ जूनला दत्तक झालं, कागद झाले, सह्या झाल्या, असं विश्वस्तांचं म्हणणं. पुण्यात परतल्यावर काही आठवड्यांतच चित्र बदललं. औरंगाबादला मुलगा फक्त पसंत केला, दत्तक घेतलाच नाही, अशी भूमिका ताई महाराजांनी घेतली. ऑगस्टमध्ये त्यांनी कोल्हापूरच्या पंडित महाराजांचे भाऊ बाळा महाराज यांना दत्तक घेतलं.

आता एका घराला दोन दत्तक! पहिलं खरं, तर दुसऱ्याला अर्थच उरत नाही. एकदा दत्तक झालं की घेणाराला ते मोडता येत नाही. सगळं भांडण एका प्रश्नावर येऊन थांबलं: त्या दिवशी औरंगाबादला मुलगा खरोखर दिला-घेतला गेला का?

या प्रश्नापायी टिळकांवर खोटी साक्ष वगैरे आरोपांचा फौजदारी खटला झाला. २४ ऑगस्ट १९०३ ला अठरा महिने सक्तमजुरी आणि हजार रुपये दंड. अपिलात सहा महिने. मार्च १९०४ मध्ये हायकोर्टानं ती शिक्षाही रद्द केली. दिवाणी दावा वेगळाच चालू. १९०६ मध्ये पुण्याच्या कोर्टानं जगन्नाथचं दत्तक खरं ठरवलं. १९१० मध्ये मुंबई हायकोर्टानं ते फिरवलं, तेव्हा टिळक मंडालेत होते. शेवटी मार्च १९१५ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं जगन्नाथच्या बाजूनं निकाल दिला. ताई महाराज तर १९०३ मध्येच वारल्या होत्या. जगन्नाथचं अख्खं बालपण ‘मी नक्की कोणाचा’ या दाव्यात गेलं.

हे सगळं आज सांगायचं कारण? मला वर्षातून दोन-चारदा तरी कोणीतरी विचारतं, ‘भाच्याला लहानपणापासून आम्हीच वाढवलंय, शाळेत आमचंच नाव आहे, मग वेगळं दत्तक कशाला?’ तर अहो, वाढवणं म्हणजे दत्तक नव्हे. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा १९५६ मध्ये आला. त्याच्या कलम ११ मध्येही तीच जुनी अट आहे: जन्मदात्यांनी मूल प्रत्यक्ष देणं आणि घेणाऱ्यांनी ते घेणं, तेही कायमचं घर बदलायच्या हेतूनं. दत्तहोम नसला तरी चालतो, हे मात्र कायद्यानं स्पष्ट केलं.

बाकी मुख्य गोष्टी अशा. मूल पंधरा वर्षांच्या आतलं आणि अविवाहित हवं. वेगळी रूढी सिद्ध झाली तरच सूट. आपला मुलगा, नातू वा पणतू हयात असेल तर मुलगा घेता येत नाही. मुलगी किंवा मुलाची मुलगी असेल तर मुलगी घेता येत नाही. पुरुषानं मुलगी किंवा बाईनं मुलगा घेताना वयात किमान २१ वर्षांचं अंतर हवं. पैसे देणं-घेणं गुन्हा आहे. जन्माच्या घराशी कायदेशीर नातं संपतं, तिथला वारसाहक्कही संपतो. आधीच मालकीची झालेली मालमत्ता तेवढी मुलाकडे राहते. बहिणीचं मूल घेताना याच मुद्द्यावर घरात मोकळेपणानं बोललं जात नाही.

आणि दत्तकपत्राची नोंदणी करा. देणारे आणि घेणारे, दोघांच्या सह्यांचं नोंदवलेलं पत्र असेल तर कोर्ट दत्तक कायदेशीर झालंय असं धरून चालतं. ते खोडायचं ओझं समोरच्यावर जातं. ताई महाराजांच्या वेळी ही सोय नव्हती.

एक गोष्ट मात्र नक्की सुधारली. १९५६ नंतर विधवा स्वतःसाठी दत्तक घेऊ शकते, मुलगीसुद्धा. २०१० च्या दुरुस्तीनंतर विवाहितेलाही नवऱ्याच्या संमतीनं तो हक्क आहे. ताई महाराजांना मूल निवडताना मृत्युपत्र, विश्वस्त, भाऊबंद, संस्थान, सगळ्यांचं ऐकावं लागलं. आजच्या ताईला तेवढं ऐकायची गरज नाही. पण मूल दिलं-घेतलं त्या दिवसाचे फोटो, साक्षीदार आणि नोंदवलेला कागद तिनंही जपून ठेवावा. भाऊबंद आजही तेच आहेत.